डबल बेल

मागच्या मे महिन्यात आमच्याकडचं लिटरभर दूध, पातेलंभर इडलीचं पीठ आणि नणंदेने रत्नागिरीहून जपून धाडलेला आमरसाचा डबा, सगळं एकाच दिवशी गेलं. फ्रीज बंद होता. दुपारी दोनला मीच बटण बंद केलं होतं, आणि रात्री दहाला उरलेली आमटी ठेवायला गेले तेव्हा आतला दिवा लागेना. घरात कबूल करायला मला आणखी पंधरा मिनिटं लागली, कारण पुढचा प्रश्न ठरलेला होता. भर उन्हाळ्यात फ्रीज बंद कशाला केलास? उत्तर होतं, २२ सेकंदांसाठी. २२ सेकंदांची एक जाहिरात माझ्या आवाजात रेकॉर्ड करायची होती, आणि फ्रीजची घरघर तिच्यात यायला नको होती. नवऱ्याने पीठ हुंगलं, पातेल्यावर परत झाकण ठेवलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं ते बसचं करतेस, त्यासाठी कधी नाही बंद केलास फ्रीज."

दूध नासलं ते नासलं. वाक्य मात्र लागलं.

"बसचं" म्हणजे माझा पॉडकास्ट. पुण्यातल्या एखाद्या बसमध्ये पहिल्या थांब्यावर चढायचं, शेवटच्या थांब्यावर उतरायचं, तिथे चहा घ्यायचा आणि परत यायचं. वाटेत रेकॉर्डिंग चालू. घरी येऊन त्यातली बारा-चौदा मिनिटं निवडायची आणि मधूनमधून आपण बोलायचं: ऊन कुठल्या बाजूने आत आलं, कुठे बस रिकामी झाली, कुठल्या थांब्यावरचं झाड गेलं. एक बस, एक एपिसोड. महिन्याला एक, जमलं तर दीड. टाळेबंदीत घरून काम करताना मला सारखं काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, आणि ते काय हे कळत नव्हतं. एकदा गोदरेजच्या कपाटाचं दार लागेना म्हणून दोनदा आपटलं, आणि कळलं. कंडक्टर पत्र्यावर मारतो ते टक-टक. तीस वर्षं ज्या आवाजावर माझा दिवस सुरू व्हायचा, तो दीड वर्षात एकदाही कानावर पडला नव्हता. ऑफिस पुन्हा सुरू झालं त्या आठवड्यात मी तापकीर गल्लीत जाऊन कॉलरला लावायचा माइक घेतला. दुकानदाराने विचारलं, "यूट्यूबला का?" मी हो म्हणून टाकलं, कारण खरं काय ते सांगेपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं उभी होती.

आजवर ४७ एपिसोड झाले. ऐकणारे साठ-सत्तर. त्यातले दहा-बारा नातेवाईक, आणि ते खरंच ऐकतात यावर माझा फारसा विश्वास नाही.

पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला. बेन हॅमरस्ली नावाच्या ब्रिटिश पत्रकाराने एका लेखात आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून तो सुचवला, तेव्हा लोक आपापल्या खोलीत बसून बडबड करायला लागलेले होतेच. व्यवस्था इतकी साधी आहे की मला पहिल्यांदा ती कळली तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. आपण आवाजाची फाइल कुठेतरी ठेवायची आणि एका यादीत तिचा पत्ता लिहायचा. त्या यादीला फीड म्हणतात. ज्याला हवं त्याचं ॲप अधूनमधून येऊन ती यादी बघतं, नवीन काही असलं तर उचलून नेतं. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या दारात जायचं नाही. उन्हाळ्यात पेठेत पाणपोया असायच्या तसं. सकाळी रांजण भरून ठेवायचा, ओलं फडकं गुंडाळायचं, आणि कोण पितं ते बघत उभं राहायचं नाही. मी मात्र उभी राहते. आकडे बघते. एकदा पाच दिवसांत ७१ वरून ७४ झाले, तर मी कारण नसताना श्रीखंड आणलं.

पहिला एपिसोड ऐकला आणि मी थेट आत्याच्या आवाजात बोलते हे कळलं. हुबेहूब तीच, नाकातून जरासा ताणलेला शेवट, "हो का" म्हणतानाची तीच वरची पट्टी. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे सूर जास्त पोचवतात. म्हणून आतून आपण भारदस्त असतो. बाकीचं जग इतकी वर्षं आत्याशी बोलत होतं. दुसरा घोळ मराठीचा. आपल्या भाषेत प, फ, ब, भ इतके ठासून भरलेत, आणि पुण्याच्या बसथांब्यांनी तर ठरवून छळ मांडलाय: भेकराईनगर, फुरसुंगी, बिबवेवाडी, पाषाण, भोसरी. भ म्हटला की तोंडातून निघालेला वाऱ्याचा झोत माइकवर आदळतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात गादी आपटल्यासारखा धप्प आवाज होतो. त्यावर उपाय म्हणून मी आईच्या भरतकामाच्या रिंगमध्ये जुना पायमोजा ताणून बसवला. कपाटात साड्यांच्या मध्ये डोकं घालायचं, म्हणजे फरशीवरून आवाज उलटून येत नाही, समोर पायमोजा, पाठीवर गोधडी, पंखा बंद. मे महिन्यात ही तपश्चर्याच. एकदा कुरिअरवाल्याने बेल वाजवली तेव्हा मी तशीच गोधडी पांघरून, घामाने निथळत दार उघडलं होतं. त्याने काही न विचारता सही घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेला.

बसमध्ये वेगळ्या अडचणी. एक नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला की माणसांचं बोलणं घ्यायचं नाही. त्यांना माहीत नसताना त्यांची वाक्यं माझ्याकडे येतात, ती माझी नव्हेत. एकदा कात्रजच्या बसमध्ये मागच्या सीटवरची मुलगी फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती की ती घरी पोचली आहे आणि जेवली आहे. दोन्ही खोटं होतं. ते मी घरी येऊन पुसलं, आणि पुसायच्या आधी तीनदा ऐकलं, हेही सांगायला हवं. तर, जुन्या सीएनजी बसमध्ये हा नियम पाळणं सोपं होतं, कारण काचांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणंसुद्धा तिच्या ओठांवरून ओळखावं लागतं. २०१९ पासून आलेल्या विजेवरच्या बस वाढत गेल्या आणि माझी पंचाईत झाली. प्रवाशांना सुख, मला दुःख. बस नुसती हलका शीळवजा सूर काढत जाते आणि आतलं सगळं स्वच्छ ऐकू येतं: कुणाची शुगर किती, कुणाच्या मुलीला कुठला मुलगा बघितलाय, कुणाचा साहेब कसा नीच आहे. ४० मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून वापरता येण्याजोगी सहा मिनिटं हाती लागतात. पूर्वी गोंगाटातून माणसं शोधावी लागायची, आता माणसांमधून गोंगाट वेचते आहे.

या सगळ्यात एक श्रोता मला मिळाला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अकराव्या एपिसोडनंतर व्हॉट्सॲपवर एक आवाजी निरोप आला. आवाज खर्जातला, मागे भांडी घासल्याचा आवाज. "ताई, नमस्कार. मी पीएमटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. आता रिटायर. तुमचं ऐकलं. चांगलं आहे. फक्त स्वारगेटला तुम्ही म्हणता बस सुटली, ती सुटलेली नाही. सिंगल बेल ऐकू आली. सिंगल बेलला गाडी थांबते. डबलला सुटते. बघा एकदा." मी बघितलं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये दोन टोले होते. कापताना माझ्याकडूनच दुसरा टोला गेला होता, अर्ध्या सेकंदाचा तुकडा, मधल्या खाकरण्याबरोबर. माझ्या साठ-सत्तर श्रोत्यांपैकी कुणाला कळलं नाही, मलाही नाही. या माणसाला मात्र स्वयंपाकघरात बसून ऐकताना गाडी थांबवल्याचा भास झाला होता. मी तो टोला परत जोडला आणि फाइल बदलली. त्यानंतर काकांचा निरोप दर एपिसोडला येतो. कौतुक बेताचं, दुरुस्ती भरपूर. "धायरी फाट्याच्या आधीचा थांबा राहिला." "तुम्ही ड्रायव्हरच्या मागे बसता, म्हणून ब्रेक जास्त येतो. चाकावर बसू नका, मधल्या दाराच्या पुढे बसा." मी बसते आता.

माझ्या डोक्यात हे आवाजाचं खूळ बाबांकडून आलं असणार. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांनी १९८१ साली टेपरेकॉर्डर आणला, आणि आणल्याच्या संध्याकाळी सगळ्यांना सतरंजीवर बसवून रेकॉर्ड केलं. ती कॅसेट माझ्याकडे आहे. सुरुवात बाबांची, शाळेतल्या प्रार्थनेनंतर सूचना द्यावी तशी: "आज दिनांक ४ मे १९८१, वार सोमवार." मग ते म्हणतात, "बोला." आणि कुणीच बोलत नाही. बराच वेळ टेपची फक्त सळसळ. मग आजी विचारते, "याला सेल किती लागतात?" पुढे बाबांनी केलेलं सात मिनिटांचं भाषण आहे, कुटुंबव्यवस्था या विषयावर, आणि ते इतकं कंटाळवाणं आहे की मी आजवर एकदाही सलग ऐकू शकलेले नाही. मी ऐकते त्यामागचं. पंप मारून पेटवलेल्या स्टोव्हची धगधग. जिन्यावरून कुणीतरी लाकडी चपला घालून उतरतंय. भाषण ऐन रंगात असताना आई आतून ओरडते, "अगं, दूध!" आणि धावत गेलेली बारकी पावलं माझी आहेत. त्या सगळ्या कॅसेटमध्ये तेवढाच वेळ मी दहा वर्षांची आहे. बाबांनी रेकॉर्डिंग झाल्याबरोबर कॅसेटच्या कडेचे दोन्ही चौकोनी तुकडे स्क्रूड्रायव्हरने मोडून टाकले, म्हणजे पुन्हा त्यावर काही भरता येऊ नये. भाषण जपायला मोडले होते ते. राहिली माझी पावलं.

कॉलेजात एकांकिकेच्या ग्रुपमध्ये गेले तेव्हा दिसण्यावरून आणि आवाजावरून मला स्टेजवर घेतलं नाही (आत्याचा आवाज तेव्हाही होताच, मला एकटीला माहीत नव्हता). कॅसेट डेक दिला. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी, भरत नाट्य मंदिर, विंगेत अंधार, हातात टॉर्च, आणि मला एकच काम: अमुक वाक्याला रेल्वेची शिट्टी. मी पेन्सिलने टेप पुढेमागे करून बरोबर जागेवर आणून ठेवली होती. वाक्य आलं, मी बटण दाबलं, आणि शिट्टीच्या आधी टेपची दोन सेकंदांची सळसळ गेली. तेवढ्यात स्टेजवरचा आमचा नायक "गाडी आली वाटतं" म्हणून मोकळा. नंतर शिट्टी. वरच्या बाल्कनीतून "आव्वाज कुणाचा" सुरू झालं आणि संपेना. आम्ही पुढच्या फेरीत गेलो नाही. त्या एकांकिकेसाठी आम्ही प्रत्येकी साठ रुपये वर्गणी काढली होती. परत काही मिळेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि रात्री दोनपर्यंत भरतच्या बाहेर कटिंग पीत उभे होतो, जिंकल्यासारखे.

आपल्याकडे नाटकाला हौशी आणि व्यावसायिक असे दोन कप्पे आहेत, आणि हौशी म्हटल्याने कुणाची मान खाली जात नाही. हौस हा शब्दच मजेशीर. मूळ अरबी-फारसी हवस. हिंदीत त्याला अजून वखवखीचा वास येतो, पोलीस चौकीचा येतो. मराठीत येताना तो वाटेत कुठेतरी अंघोळ करून आला आणि डोहाळजेवणात जाऊन बसला. हौसेला मोल नाही ही म्हणसुद्धा म्हणणाऱ्याच्या सुरावर फिरते. आई स्वतःच्या पैठणीबद्दल म्हणायची तेव्हा किंमत विचारू नका असा अर्थ. बाबांच्या टेपरेकॉर्डरबद्दल म्हणायची तेव्हा सेलचा खर्च वहीत लिहिलाय असा. मला दोन्ही अर्थ वारसाहक्काने मिळालेत. फाइली ठेवायच्या जागेचं वर्षाचं भाडं मी भरते आणि ते वाणसामानाच्या खात्यात दाखवते.

आता ती जाहिरात. माझा भाचा मार्केटिंगमध्ये आहे. तो एक दिवस म्हणाला, "मावशी, एका बांधकामवाल्यांना तुझं आवडलंय. त्यांची स्कीम अगदी बसथांब्याला लागून आहे. एपिसोडच्या आधी २२ सेकंद. एपिसोडला आठ हजार, सध्या सहा एपिसोड." मी मनात गुणाकार केला, आणि गुणाकार होईपर्यंत नवा रेकॉर्डर विकत घेऊन त्याचा खोकाही माळ्यावर ठेवला होता. त्यांनी मजकूर पाठवला. शेवटचं वाक्य, "थांब्यावर उतरा, घरी पोचा." वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या कित्येक वाक्यांपेक्षा बरं होतं. आणि मग मी ते केलं, जे बसच्या एकाही एपिसोडसाठी केलं नव्हतं. फ्रीज बंद केला. खालच्या मजल्यावर जाऊन, मुलं दुपारी झोपतात ना, असं साळसूदपणे विचारून आले. घड्याळाचे सेल काढले. नवऱ्याला पेपर घेऊन बाल्कनीत बसवलं आणि पानं उलटायची नाहीत म्हणून सांगितलं. १७ वेळा वाचलं. एरवी माझं दोनदा वाचून झालं की झालं, अडखळले तर अडखळले, बसही अडखळतेच. चौदावा टेक सगळ्यात चांगला आला. त्यात ना भ आपटला, ना आत्या आली. गोड, स्वच्छ, तिशीतली एक बाई बोलत होती, आणि तिचं ऐकून मी स्वतः फ्लॅट बघायला गेले असते. मला ते करताना कंटाळा आला असता तर किती सोपं झालं असतं. आला नाही. मजा आली.

त्यांना आवडलं. भाच्याने कळवलं की फक्त दोन गोष्टी बघ: एपिसोड दर शुक्रवारी ठरलेल्या वेळी हवेत, आणि सुरुवातीची खडखड जरा कमी करता आली तर बरं, लोकांना वाटतं आवाज फाटलाय. मी म्हटलं, सोमवारी सांगते. सोमवारी म्हटलं, पुढच्या सोमवारी. बाणेदारपणे नकार दिला असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण मी नकार दिलाच नाही. मी नुसती सोमवार ढकलत राहिले, ऑफिसात फाइल ढकलतो तसे, आणि तिसऱ्या सोमवारी भाचा म्हणाला की त्यांना पाककृती सांगणाऱ्या एक बाई मिळाल्या. मला हायसं वाटलं. रात्री झोपताना वाईटही वाटलं, आणि ते ४८,००० रुपयांचं होतं की आणखी कशाचं, हे अजून नक्की ठरत नाही. नवऱ्याचं ते वाक्य मात्र राहिलं. पैसे देणाऱ्यासाठी मी घड्याळाचे सेल काढले, आणि ज्या कामाला मी चार लोकांत माझं म्हणते, ते फ्रीजच्या घरघरीत उरकत होते. हौसेच्या नावाखाली मी आळस तर करत नव्हते ना? मग एक एपिसोड फ्रीज बंद करून केला. कुणाला काही फरक कळला नाही. आमटी आंबली. हल्ली फ्रीज बंद केला की स्कूटरची किल्ली आत ठेवते. रेकॉर्डिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे म्हणे, किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. एकदा किल्ली दह्याच्या भांड्यात सापडली, ती वेगळी गोष्ट.

चौदावा टेक मी पुसलेला नाही. कामाचा म्हणून नव्हे, कधीतरी त्या गोड बाईला ऐकावंसं वाटतं म्हणून. एका रात्री असाच ऐकत असताना लक्षात आलं की ती बोलायला लागायच्या आधी सात सेकंद काहीच नाही. काहीच नाही म्हणजे, आहे. माझी खोली आहे. साड्या आहेत, भिंती आहेत, बंद पंखा आहे, बाल्कनीत पान न उलटता बसलेला माणूस आहे. जुन्या एपिसोडमध्ये मी जिथे खोकला कापते, चुकलेला शब्द कापते, तिथे भोक पडतं. निव्वळ शून्य टाकलं तर ऐकणाऱ्याला फोन कट झाल्यासारखं वाटतं. तिथे भरायला खोलीची खरी शांतता लागते, आणि तशी सलग सात सेकंदांची शांतता माझ्याकडे ४७ एपिसोडांत कुठेही नव्हती. मी ती कापून वेगळी ठेवली. फाइलला नाव काय द्यावं सुचेना, म्हणून "बिल्डर" दिलं.

परवा पाषाणच्या एपिसोडमध्ये पावसाबद्दल बोलताना मला ठसका लागला होता. तो काढला आणि तिथे बिल्डरमधला दीड सेकंद जोडला. मग नळस्टॉपच्या आधी अर्धा. मग शेवटी, उतरल्यानंतर, काय बोलायचं ते न सुचल्यामुळे पूर्ण दोन सेकंद. रात्री चढवला. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये असताना काकांचा निरोप आला, मागे नेहमीची भांडी. दोन थांबे उलटसुलट सांगितलेत, आणि पाषाणला चढलेल्या माणसाने सुट्टे दिले नाहीत, ते कंडक्टरच्या आवाजावरून कळतंय, ते म्हणाले. बाकी सगळं बरोबर आहे म्हणाले.